अपघाताच्या आधीचा आठवडा डेटात दिसतो का?

पहाटपाळी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस हे लिहायचं मनात होतं.

मी मालवाहतुकीच्या एका कंपनीत सुरक्षा विभागात आहे, नऊ वर्षं झाली. साडेतीनशेच्या आसपास गाड्या, निम्म्याहून जास्त लांब पल्ल्याच्या. रोज सकाळी स्क्रीन उघडली की ड्रायव्हरांची यादी समोर येते: हिरवे, पिवळे, लाल. लाल म्हणजे या माणसाकडून नजीकच्या काळात अपघात व्हायची शक्यता जास्त, असं यंत्रणेचं म्हणणं. जीपीएस, गाडीच्या हालचाली मोजणारा सेन्सर, इंजिनाच्या कॉम्प्युटरमधली माहिती, समोरचा कॅमेरा आणि ड्युटीचे तास, या सगळ्यातून तो गुण निघतो. त्यात सगळ्यात जास्त वजन जोरात ब्रेक मारण्याला. आमच्याकडे मर्यादा ०.४ जी आहे, म्हणजे एका सेकंदात ताशी १४ किलोमीटरच्या आसपास वेग उतरला की नोंद होते.

तीन वर्षांपूर्वी आमची एक गाडी पहाटे पावणेपाचला सरळसोट रस्त्यावरून खाली उतरली आणि आडवी झाली. समोर कोणी नव्हतं. पाऊस नाही, धुकं नाही, टायर शाबूत. ड्रायव्हर काका वाचले, पण मांडीचं हाड मोडलं आणि आठ महिने घरी बसावं लागलं. मी त्या सकाळी यादी उघडली तर काकांचं नाव हिरव्यात. वर्षभर हिरव्यातच होतं. आदल्या महिन्यात त्यांना चांगल्या ड्रायव्हिंगचं प्रमाणपत्र माझ्याच हातून दिलं होतं.

मग मी गुण बाजूला ठेवले आणि कच्च्या नोंदी काढल्या. जोरात ब्रेक दोनदा. वेगमर्यादा एकदाही मोडलेली नाही. तासभर काहीच सापडेना. शेवटी कागद घेतला आणि ड्युटी सुरू झाल्याच्या वेळा एकाखाली एक लिहिल्या. सकाळी ११. पुढची सकाळी ९. मग साडेसहा. मग पहाटे ४. मग रात्री दीड. आणि शेवटची, आदल्या रात्री ११ ची. प्रत्येक दोन ड्युट्यांच्या मध्ये पुरती दहा तास सुट्टी, त्यामुळे नियमाच्या रकान्यात सगळीकडे बरोबरची खूण. पण सहा ड्युट्यांत त्या माणसाचा दिवस अर्धा गोल फिरला होता, आणि तोही उलट्या बाजूने. उशिरा झोपायची सवय शरीर एक वेळ लावून घेतं, रोज अडीच तास आधी झोपायची लावून घेत नाही.

मग कॅमेऱ्याच्या नोंदी पाहिल्या. चाक रस्त्यावर आखलेल्या पट्ट्यावरून सरकलं की तो मोजतो. आधीच्या पाच फेऱ्यांच्या शेवटच्या दोन-दोन तासांतले आकडे होते २, ३, ३, ७, ११. आमच्याकडे इशारा वाजतो २० च्या पुढे. त्यामुळे कोणाला काही कळलं नाही आणि महिन्याच्या सरासरीत ते आकडे विरून गेले.

तो कागद अजून माझ्या खणात आहे. दिसायला हवं ते सगळं आमच्याकडे होतं, आम्ही ते माणसाच्या नावावर गोळा करून त्याची सरासरी काढत बसलो. धोका त्या आठवड्यात होता, त्या फेरीत होता. तुमच्याकडे हा अंदाज कशाचा काढतात? ड्रायव्हरचा की फेरीचा? आणि लाल दिवा लागला की पुढे नक्की काय होतं?

---

आकडेमोड

ताई, तुमचं निरीक्षण गणिताने पण बरोबर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझं काम असे अंदाज काढणारी गणिती मॉडेलं बनवण्याचं आहे.

१८९८ मध्ये लाडिस्लाउस बोर्टकिएविच नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने प्रशियाच्या घोडदळात घोड्याच्या लाथेने किती सैनिक मेले याचा हिशेब मांडला. दहा तुकड्या, वीस वर्षं, म्हणजे २०० नोंदी, एकूण मृत्यू १२२. त्यातल्या १०९ नोंदींत एकही मृत्यू नाही, ६५ मध्ये एक, २२ मध्ये दोन, तीनमध्ये तीन, आणि एका तुकडीत एकाच वर्षी चार. त्या शेवटच्या तुकडीच्या अधिकाऱ्याला त्या वर्षी किती बोलणी बसली असतील! पण निव्वळ योगायोगाचं गणित मांडलं तरी वाटणी जवळपास अशीच येते. क्वचित घडणाऱ्या गोष्टी कोणाच्या तरी वाट्याला जास्त येणारच.

याचा अर्थ माणसामाणसांत फरक नसतोच असा नाही. १९१९ मध्ये ग्रीनवुड आणि वुड्स यांनी ब्रिटनमधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांतल्या कामगार स्त्रियांचे अपघात तपासले, तेव्हा योगायोगापेक्षा थोडा जास्त फरक सापडला होता. पण तेवढ्यावरून एखाद्याच्या कपाळावर लाल शिक्का मारता येत नाही.

समजा ५०० ड्रायव्हर आहेत आणि वर्षाला २० जणांकडून अपघात होतो. मॉडेल चांगलं आहे, २० पैकी १४ जणांना आधीच लाल दाखवतं. उरलेल्या ४८० मधल्या फक्त दहा टक्क्यांना चुकून लाल करतं, म्हणजे ४८. एकूण लाल झाले ६२, त्यातले खरे १४. चारातला एकसुद्धा नाही. बाकीचे ४८ जण विनाकारण ऑफिसात येऊन मान खाली घालून बसणार. आणि एवढं चांगलं मॉडेल सहसा मिळत नाही.

दुसरी फसगत मी दरवर्षी पाहतो. लाल झालेल्यांना प्रशिक्षण दिलं, पुढच्या वर्षी त्यांचे आकडे सुधारले, म्हणून प्रशिक्षण यशस्वी. पण ज्याचं एक वर्ष वाईट गेलं त्याचं पुढचं वर्ष तसंही बरंच जातं. निम्म्या लोकांना चिठ्ठ्या टाकून वगळा आणि मग तुलना करा, तरच काही कळेल. हे सुचवलं की बैठकीत सगळे गप्प होतात.

आता फेरीच्या बाजूने बघा. वर्षाला एकाच्या २५० फेऱ्या धरल्या तर ५०० जणांच्या सव्वा लाख फेऱ्या होतात. एकाच ड्रायव्हरची चांगली फेरी आणि वाईट फेरी शेजारी ठेवून बघता येते. स्वभाव तोच, हात तेच, मग फरक कशाने पडला? सुरुवातीची वेळ, मागची झोप, गेटवर गेलेला वेळ, नवा रस्ता, वारा. यातल्या बऱ्याच गोष्टी बदलता येतात.

फक्त एक सांभाळा. छोट्या घटना मोजल्या की मोठे अपघात आपोआप कळतील, हे गृहीत धरू नका. १९३१ मध्ये हाइनरिक यांनी एका मोठ्या इजेमागे २९ किरकोळ आणि ३०० बिनइजेच्या घटना असं प्रमाण मांडलं आणि ते अजून भिंतीभिंतींवर लावलेलं दिसतं. पण यार्डात आरसा घासणं आणि पहाटे डोळा लागणं यांची कारणंच वेगळी. आरसे कितीही जपले तरी डोळा लागायचा थांबत नाही.

---

लांबपल्ला

बावीस वर्षं स्टिअरिंगवर आहे. मुलीने हा धागा दाखवला, तिच्याच मदतीने लिहितोय.

ताई, त्या काकांच्या वेळा वाचल्या आणि पोटात खड्डा पडला. असा आठवडा मी किती वेळा केला असेल. तिसऱ्या-चौथ्या दिवशी झोप येत नाही, हीच तर गंमत असते. अंथरुणावर पडलं की डोळे टक्क उघडे. आणि गाडीत बसलं की तीन तासांनी पापणी जड.

गुणांबद्दल सांगतो. आमच्याकडे ब्रेकच्या नोंदींवर महिन्याचा बोनस लावला. पहिल्या महिन्यात आकडे एकदम खाली आले, साहेब लोक खूश. काय झालं होतं ते आम्हाला माहीत होतं. पिवळा दिवा दिसला की आधी ब्रेक लागायचा, आता लोक गाडी काढून न्यायला लागले. मी स्वतः एकदा काढली. ब्रेकवर पाय ठेवता ठेवता डोक्यात आलं की या महिन्यातली ही तिसरी नोंद होईल, आणि तेवढ्यात क्षण निघून गेला. गाडी चौकातून पार झाली, काही झालं नाही. पण पुढे जाऊन मी गाडी बाजूला घेतली आणि पाच मिनिटं नुसता बसून राहिलो. ब्रेक मारायच्या आधी माणसाने हिशेब करावा अशी पद्धत कोणी लावू नका, कळकळीने सांगतो.

ब्रेक जोरात लागला म्हणजे चूक माझी असं धरतात. बऱ्याचदा कोणीतरी पुढे घुसलेला असतो. त्याच्या आधीचे वीस सेकंद बघा, मी पुढच्या गाडीपासून किती अंतर ठेवलं होतं ते बघा. अंतर ठेवलं नसेल तर बोला मला, ऐकून घेईन.

आणि केबिनमधला कॅमेरा. तो नको असं मी म्हणत नाही. पण ते चित्र कोण बघतं, किती दिवस ठेवतात, आणि मला आधी दाखवतात का, हे कोणी सांगत नाही. घर आहे ते माझं, आठवड्याचे पाच दिवस.

---

पहाटपाळी

लांबपल्ला दादा, मुलीला माझा नमस्कार सांगा. पिवळ्या दिव्याचं तुम्ही लिहिलंत तेच आमच्याकडेही झालं असणार. नोंदी कमी झाल्या तेव्हा आम्हीही खूश होतो. आता नुसत्या ब्रेकचा रकाना काढून त्या जागी आधीच्या वीस सेकंदांतलं अंतर घ्यायचा प्रस्ताव मी मांडते आहे.

कॅमेऱ्याबद्दल आमचा नियम असा झाला: चित्रफीत आधी ड्रायव्हरला दिसणार, त्याने आपलं म्हणणं नोंदवायचं, मग आम्ही बघणार. हा नियम करायला दीड वर्ष भांडावं लागलं. तो आल्यावर कॅमेऱ्यावर टेप चिकटवणं जवळपास थांबलं.

---

नवाभिडू

एक बाळबोध प्रश्न. आपोआप ब्रेक लागणाऱ्या गाड्या आल्यात, डुलकी लागली की सीट थरथरते. मग आठवडाभर आधीचा अंदाज कशाला?

---

आकडेमोड

@नवाभिडू, प्रश्न चांगला आहे. ती साधनं हवीतच. युरोपात बहुतेक नव्या जड गाड्यांना आपोआप ब्रेकची यंत्रणा २०१५ पासून सक्तीची आहे. पण ती शेवटच्या सेकंदाला जागी होते. डुलकी ओळखणारा कॅमेरा बहुधा पापणी किती वेळ ऐंशी टक्क्यांहून जास्त मिटलेली होती ते मोजतो. तो वाजतो तेव्हा माणूस झोपेच्या दारात पोहोचलेला असतो, गाडी ताशी ८० ने चाललेली असते आणि पुढची थांबायची जागा चाळीस किलोमीटरवर असते. सीट थरथरली की तो जागा होतो, दहा मिनिटांनी पुन्हा तेच.

डॉसन आणि रीड यांचा १९९७ चा प्रयोग आहे: सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्याइतकी उतरते, आणि २४ तासांनी ०.१० टक्क्यांच्या आसपास. आता हे नियमांसमोर ठेवा. अमेरिकेत मालगाडीच्या ड्रायव्हरला दहा तास विश्रांतीनंतर ११ तास गाडी चालवता येते. मधला अर्ध्या तासाचा थांबा धरला तर साडेएकवीस तासांत चक्र पुरं होतं आणि पुढची ड्युटी रोज अडीच तास आधी सुरू होऊ शकते. ताईंच्या कागदावर नेमकं हेच उतरलंय. ड्युटीचं घड्याळ बरोबर, शरीराचं चुकलेलं. हे ओळखायला कॅमेरासुद्धा लागत नाही, ड्युटीच्या वेळा पुरतात, आणि त्या दोन दिवस आधीच ठाऊक असतात.

---

खेपनोंद

मी डिस्पॅचला आहे, गाड्या फेरीवर पाठवायचं काम माझं, म्हणजे या गोष्टीतला खलनायक बहुधा मीच. 'लाल दिवा लागला की काय होतं' याचं खरं उत्तर देतो.

आमच्याकडे लाल यायचा रात्री साडेअकराला, गाडी भरून गेटवर उभी असताना. दुसरा ड्रायव्हर नाही, पलीकडे सकाळी सहाची वेळ दिलेली, उशीर झाला की ग्राहकाचा फोन माझ्यावर. मी काय करणार? 'सांभाळून जा' म्हणायचो आणि पास द्यायचो. शंभर वेळा म्हटलं असेल, आणि गाडी पोहोचेपर्यंत मलाच झोप नाही. अंदाज बरोबर असून उपयोग नाही, तो हाताशी काही पर्याय असताना यायला हवा. खूप मागे लागल्यावर आता यादी संध्याकाळी पाचला येते. पाचला मी अदलाबदल करू शकतो, ग्राहकाला फोन करून वेळ दोन तास पुढे मागू शकतो. दहातले सातजण देतात, असा माझा अनुभव. नुसतं विचारायचं राहिलेलं असतं.

दुसरं, ज्याचं मला वाईट वाटतं. आम्ही एकदा उलटं मोजलं: गाडी धावत असताना ऑफिसमधून किती कॉल आणि मेसेज जातात. 'कुठपर्यंत आलास', 'पोहोचायला किती वेळ'. जीपीएसवर दिसतंय, तरी विचारतो. सगळ्यात जास्त माझ्याच नावावर निघाले.

---

आकडेमोड

खेपनोंद दादा, हे तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत, फार मोलाचं आहे. व्हर्जिनिया टेकच्या वाहतूक संस्थेने २००९ मध्ये जड गाड्यांच्या केबिनमधल्या चित्रणावरून काढलं होतं की मेसेज लिहिताना-वाचताना धोक्याच्या प्रसंगाची शक्यता २३ पट होते. सहा सेकंदांच्या तुकड्यात ४.६ सेकंद नजर रस्त्यावर नव्हती. ताशी ८० ने तेवढ्या वेळात गाडी शंभर मीटर जाते. त्या मेसेजच्या दुसऱ्या टोकाला ऑफिस असेल तर तो आकडा मॉडेलमध्ये ऑफिसच्या नावावर पडायला हवा.

---

हवापाणी

वर्कशॉपमधून दोन शब्द. माणसाचा अंदाज अवघड आहे हे मान्य, लोखंडाचा तेवढा नाही.

टायर एकदम फुटतो असं सगळे म्हणतात. फुटतो तो एकदम, पण तयारी कधीपासून चाललेली असते. हवा रोज थोडी थोडी कमी होते, टायर जास्त दबतो, दबून तापतो, तापून पट्टा सुटतो. जोडचाकात आतला टायर बसला तर बाहेरून दिसत पण नाही, वजन सगळं शेजारच्यावर. सेन्सर असतील तर एका दिवसाचा आकडा बघू नका, आठवड्याचा उतार बघा. सकाळी थंड टायरचा आकडा घ्या, दुपारचा घेतलात तर उष्णतेने फुगलेला मिळेल आणि गळती झाकली जाईल.

चाकाचं तापमान बघताना त्याच अॅक्सलच्या डाव्याची उजव्याशी तुलना करा. दोन्ही तापलेत तर रस्त्याला उतार असेल. एकच तापलंय तर ब्रेक धरून राहतोय नाहीतर बेअरिंग खराब व्हायला लागलंय. मागच्या पावसाळ्यात एका ट्रेलरचं डावं मागचं चाक सहा दिवस उजव्यापेक्षा गरम दिसत होतं, मर्यादेच्या आत. हाताने फिरवून पाहिलं, मग चाक उतरवलं. बेअरिंगच्या रोलरवर निळा रंग चढला होता. अजून एक लांबची फेरी त्याने काढली नसती.

कामाची फाईल मात्र खरी लिहा. 'तपासले, ठीक' असं न बघता लिहिलेलं असेल तर त्यावर बसवलेलं मॉडेल तेच शिकतं.

---

लांबपल्ला

हवापाणी भाऊ, निळा रोलर वाचून अंगावर काटा आला. त्या ट्रेलरच्या ड्रायव्हरला कळवलंत का? कळवा. आम्हाला अशा गोष्टी कोणी सांगत नाही, फक्त गुण सांगतात.

ताईंच्या प्रश्नावर एक. गेल्या वर्षी नवीन सुरक्षा अधिकारी आले. त्यांनी मला बोलावलं, स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि विचारलं, "दादा, तुमच्या मंगळवारच्या फेऱ्या बाकीच्यांपेक्षा खडबडीत दिसतात, मंगळवारी काय असतं?" बावीस वर्षांत पहिल्यांदा मला कोणी असं विचारलं. मंगळवारी मला ज्या गोदामात जायचं असतं तिथला उतार आंधळा आहे, वरून लोक पायी येतात, दर वेळी करकचून थांबावं लागतं. त्यांनी तिथे जाणाऱ्या बाकीच्या गाड्यांच्या नोंदी काढल्या, सगळ्यांचं तेच. महिन्याभरात तिथे गोल आरसा लागला आणि पायी जाणाऱ्यांना वेगळी वाट झाली.

---

पहाटपाळी

सगळ्यांचे मनापासून आभार. पाचची यादी आणि ऑफिसच्या मेसेजचा रकाना, दोन्ही उद्याच्या बैठकीत मांडते.

एक सांगायचं राहिलं. काका कामावर परत आले तेव्हा मी त्यांना तो खणातला कागद दाखवला. त्यांनी चष्मा लावून वेळा वाचल्या, बोट एकेका ओळीवरून खाली नेलं आणि चौथ्या-पाचव्या ड्युटीच्या मध्ये थांबवलं. तिथे यंत्रणेत दहा तास विश्रांती लिहिली आहे. गाडी उभी, इंजिन बंद. काका म्हणाले, "ही झोप नाही बाई. साडेचार तास मी पावतीच्या रांगेत उभा होतो. गाडी झोपली होती."

म्हणजे मी स्वतः शोधलेला नमुनाही अर्धाच खरा होता. आता आमच्या ड्युटी-अॅपमध्ये सुट्टी संपताना एकच प्रश्न येतो, 'यातले किती तास झोपायला मिळाले?', आणि त्याचं उत्तर ड्रायव्हरच्या गुणांत धरायचं नाही असं लेखी ठरलं आहे. पहिले दोन महिने सगळे आठच लिहायचे. हल्ली चार-पाच पण येतात.

खेपनोंद दादा, गेटवरचा आणि रांगेतला वेळ तुमच्याकडे कुठे नोंदला जातो का? आमच्याकडे गेटची वही आहे, पण ती कागदीच आहे. ती यात कशी आणायची ते तुम्ही केलं असेल तर जरूर लिहा.

---

खेपनोंद

ताई, गेटवर आत आल्याची वेळ आणि पावती हातात पडल्याची वेळ, या दोनच नोंदी आम्ही सुरक्षारक्षकांच्या फोनवरून घेतो. मधला वेळ सुट्टीतून वजा होतो आणि पुढची ड्युटी तेवढी पुढे सरकते. सुरुवातीला गोदामवाले नाराज होते, कारण कोणाकडे गाडी किती रखडते ते पहिल्यांदाच दिसायला लागलं. फॉर्मचा नमुना तुम्हाला निरोपातून पाठवतो.